गाडी कोणाची, यावर शिक्षा ठरते का?

अनुजा_पुणे
19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शेने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. दोघंही 24 वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले इंजिनीअर. गाडी चालवणारा 17 वर्षांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध घातला. त्या निबंधावर सगळे चिडले, मीही चिडले. पण मला जास्त संताप आला तो नंतर पोलिसांनी जे सांगितलं त्याचा. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना फेकून देऊन तिथे त्याच्या आईचं रक्त ठेवलं, असा आरोप आहे. डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांनाही झाली.

माझं म्हणणं असं, की पैसेवाल्यांना सूट कोर्टात मिळतच नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही तासांतच मिळवायचा प्रयत्न होतो. रक्तात दारूच निघाली नाही, तर पुढचा न्यायाधीश कितीही कडक असला तरी कशाच्या आधारावर शिक्षा देणार? सलमान खानचा खटला आठवा. सप्टेंबर 2002 मध्ये वांद्र्याला बेकरीसमोर झोपलेल्या लोकांवर गाडी गेली, एक जण मेला, चार जखमी झाले. सत्र न्यायालयाचा निकाल मे 2015 मध्ये आला, पाच वर्षांची शिक्षा. डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, कारण गाडी तोच चालवत होता आणि प्यायलेला होता हे सरकारपक्षाला सिद्ध करता आलं नाही. मुख्य साक्षीदार असलेला त्याचा पोलीस अंगरक्षक 2007 मध्येच वारला होता. 13 वर्षं कोणता पुरावा टिकतो?

वकिली_बाणा
अनुजाताई, संताप समजतो, पण निदान साफ चुकतंय. आपला कायदाच अपघातांच्या बाबतीत मऊ आहे, आणि तो सगळ्यांसाठी मऊ आहे. जुन्या दंड संहितेतलं कलम 304-अ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र. चालवणारा उद्योगपती असो की ट्रक ड्रायव्हर, जामीन हा त्याचा हक्क. जुलै 2024 पासून नवीन भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पाच वर्षांवर गेली एवढंच.

पोर्शे प्रकरणातही तेच. बाल न्याय कायद्यात अल्पवयीनाला जामीन हाच नियम आहे. गदारोळ झाल्यावर मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, ते 25 जून 2024 ला उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. जुलै 2025 मध्ये त्याला प्रौढ मानून खटला चालवायची मागणी फेटाळली गेली, त्यालाही कायद्यातलंच कारण आहे. प्रौढ मानायला गुन्हा 'निर्घृण' असावा लागतो, तसा ठरायला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली असावी लागते, आणि सदोष मनुष्यवधाच्या (जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेल्या कृत्याच्या) तेव्हा लागू असलेल्या जुन्या कलमात किमान शिक्षाच नव्हती. झोपडपट्टीतल्या मुलालाही हाच निकाल मिळाला पाहिजे. रक्ताचा नमुना बदलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याची कितीही कडक शिक्षा द्या, माझा पाठिंबा आहे. पण त्यावरून 'श्रीमंतांना शिक्षा कमी' हा नियम काढू नका.

खंबाटकी
वकीलसाहेब, तुमचा जामीन कागदावर बरोबर आहे. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. रात्री एक मोटरसायकलवाला घसरून त्याच्या चाकाखाली आला. लोकांनी भावाला आधी मारलं, मग पोलिसांत दिलं. जामीनपात्र गुन्हा, सगळं खरं. पण जामीनदार कुठून आणायचा? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो येईना, ज्याला यायचं होतं त्याची कागदपत्रं चालेनात. तोवर पोरगा आत. टेम्पो जप्त, मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. रक्ताचा रिपोर्ट कधी आला ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. खटला अजून उभा राहिलेला नाही आणि त्याची शिक्षा भोगून झाली. मोठ्या घरचा मुलगा असता तर वकील पोलीस ठाण्यात त्याच्या आधी पोहोचला असता. आम्हाला कायदा सारखाच लागला हो, पण तो वापरायला पैसे लागतात.

देवगडकर
मला उलटं दिसतं. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यातल्या किती प्रकरणांत सदोष मनुष्यवध लागला? फारच थोड्या. पण गाडी महागडी असली, आडनाव मोठं असलं की टीव्हीवर ओरडा होतो आणि एका दिवसात कलम वाढतं. पोर्शेत तसंच झालं. वरळीला जुलै 2024 मध्ये बीएमडब्ल्यूखाली एक बाई फरफटत गेली, तो पुढाऱ्याचा मुलगा, त्याने आपली अटक बेकायदा असल्याचं उच्च न्यायालयात सांगितलं, ते फेटाळलं गेलं. कोणाला कोणतं कलम लावायचं हे जर जमाव ठरवणार असेल, तर प्रसिद्ध माणसावरही अन्यायच होतो. एसटीखाली मेलेल्यासाठी कोण मेणबत्ती लावतं?

अनुजा_पुणे
कलम वाढलं हे खरं, शिक्षा वाढली का ते बघा. नोव्हेंबर 2006, कार्टर रोड. बड्या घरच्या मुलाने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली, सात मेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तीन वर्षं केली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जानेवारी 1999, दिल्लीची लोधी रोड. माजी नौदलप्रमुखांच्या नातवाच्या बीएमडब्ल्यूखाली सहा मेले, त्यात तीन पोलीस. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवध मान्य केला, पण आधी भोगलेली दोन वर्षं पुरे धरली आणि वर 50 लाख रुपये व दोन वर्षं समाजसेवा सांगितली. ज्या कलमात दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, त्यात हे झालं. देवगडकर, हा अन्याय नेमका कोणावर झाला?

वकिली_बाणा
कार्टर रोडची शिक्षा उच्च न्यायालयानेच सहापट केली, हेही मोजा ना. आणि ते 50 लाख रस्त्यावरच्या अपघातग्रस्तांसाठीच होते. मेलेल्याच्या घराला कोणाच्या तुरुंगवासाने चूल पेटवता येत नाही.

तुर्कूवासी
मी फिनलंडला राहतो, म्हणून इथलं सांगतो. वेग जास्तच मोडला तर दंड तुमच्या उत्पन्नावर ठरतो. 2023 मध्ये ऑलंड बेटांवर एका धनाढ्य उद्योजकाने 50 च्या हद्दीत 82 ने गाडी चालवली, त्याला 1,21,000 युरो दंड झाला. आपल्याकडे दारू पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलात तर दंड 10,000 रुपये. खंबाटकीच्या भावाला ते फार जड जातील आणि पोर्शेवाल्याला त्याची दखलही घ्यावी लागणार नाही.

देवगडकर
उत्पन्न दाखवणार कोण? आपल्याकडे बंगला बायकोच्या नावावर आणि गाडी कंपनीच्या नावावर. पगारदार माणूस तेवढा पूर्ण दंड भरेल.

खंबाटकी
उत्पन्न मोजायला आपल्याला जमतं की. अपघाताच्या भरपाईचा दावा लागला की मेलेल्याचं उत्पन्न बघूनच रक्कम ठरते. मजूर मेला तर कमी, इंजिनीअर मेला तर जास्त. मग मारणाऱ्याचं उत्पन्न बघायला काय अडचण आहे?

अनुजा_पुणे
हे मला आजवर सुचलं नव्हतं, आणि वाचून अंगावर आलं. वकीलसाहेब, माझा एक सरळ प्रश्न आहे. पहिल्या तासांतली ही लबाडी रोखायला कायद्यात काही आहे का?

वकिली_बाणा
थोडंफार आहे. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीच्या कायद्यात, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि चित्रीकरण करायचं असं आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंतच, त्यामुळे साधा अपघात त्यात बसत नाही. इथे मात्र तुमचं म्हणणं पटतं. अपघातात माणूस मेला, की कलम कोणतंही असो, हे बंधनकारक करायला हवं.

अनुजा_पुणे
आणि रक्त घेताना कॅमेरा. नमुना दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेला पाहिजे.

खंबाटकी
करा. फक्त टेम्पोवाल्यालाही तोच कॅमेरा लावा आणि तो रिपोर्ट घरच्यांच्या हातात द्या. माझा भाऊ प्यायलेला नव्हता, हे आजही आम्ही तोंडानेच सांगतोय.