बाक तेच, बोर्ड बदलत गेलं : बेळगावकडच्या हायस्कूलच्या आठवणी

गेल्या महिन्यात आईच्या पेन्शनचं एक काम निघालं, म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवली. तात्यांचा दाखला हवा होता. तो सापडलाच, पण त्याच पुडक्यात आमच्या घरातली तीन सर्टिफिकिटं एकावर एक ठेवलेली निघाली. तात्यांचं 1955 चं, त्यावर मुंबई राज्य. धाकट्या काकांचं 1966 चं, त्यावर म्हैसूर. माझं 1984 चं, त्यावर कर्नाटक. शाळा मात्र तिघांची एकच. रेल्वे गेटाच्या पलीकडं, तेव्हा ज्याला लोक 'गावाबाहेर' म्हणायचे, तिथलं कौलारू हायस्कूल. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 ला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. आम्ही तिघंही पश्चिमेच्या त्याच वर्गात शिकलो, जिथं जुलैत तिसऱ्या बाकावर गळायचं आणि ज्याच्यावर गळायचं त्याला सरकून बसायला दोन्हीकडचे जागा द्यायचे नाहीत.

तर वडगाव, शहापूर, अनगोळ, टिळकवाडी, येळ्ळूर, हिंडलगा, कंग्राळी, या पट्ट्यातल्या हायस्कुलांत शिकलेल्यांनी आणि शिकवलेल्यांनी लिहा. शाळेचं, मास्तरांचं नाव नको, ओळखणारे ओळखतीलच. आणि भाषणं नकोत, ती एक नोव्हेंबरला भरपूर होतात.

वडगाव, 1979 ची बॅच

आमच्या घरात दोन माग. पहाटे पाचला उठून कांड्या भरायच्या, मग तोंड धुवायचं, मग शाळा. वर्गातल्या निम्म्या पोरांचं असंच. रहाटावर सूत बोटातून सोडताना तर्जनीला चर पडायची आणि पुढं पेन त्याच चरीत बसायचं. आमचं अक्षर चांगलं का, याचं हेच कारण असावं असं मला अजून वाटतं. रंगीत सुताचा रंग नखात शिरायचा, तो रविवारच्या अंघोळीशिवाय निघायचा नाही. पीटीचे सर सोमवारी नखं बघायचे. मला कधी मारलं नाही. बोटं उलटीपालटी करून म्हणायचे, "या वेळी मोरपंखी काय रे? गेल्या महिन्यात डाळिंबी होतं." कुठल्या घरात कुठल्या साडीची ऑर्डर चालली आहे, ते व्यापाऱ्याच्या आधी त्यांना कळायचं.

आषाढात मंगाईची जत्रा लागली की वर्ग ओस. देवळावर कोंबडीची पिल्लं उडवायचे, त्या गर्दीत अख्खी नववी अ. दुसऱ्या दिवशी सर दारातच उभे, "पिसं झाडून आत या." गणिताच्या तासाला मागच्या बाजूनं एकदा खरंच पिल्लू ओरडलं होतं. कुणाच्या दप्तरात होतं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. मला माहीत आहे, पण तो आता नातवंडांचा आजोबा आहे.

तिसऱ्या भाषेची बाई, निवृत्त

मी मराठी माध्यमाच्या पोरांना कन्नड शिकवलं, तीस वर्षांच्या वर. आणि मी मराठी घरातली, तेव्हा दोन्हीकडून बोलणी खाल्ली. पुस्तकातले धडे पोरांना कंटाळवाणे वाटायचे, म्हणून मी बसचे बोर्ड लिहून आणायला सांगायची. स्टँडवर उभं राहून पाच बोर्ड उतरवायचे, दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाचायचे. खानापूर, गोकाक, सौंदत्ती. "बस चुकू नये एवढं तरी आलं पाहिजे" असं म्हटलं की आईबापही तक्रार करायचे नाहीत.

1986 च्या जूनचं लिहिते. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात 1 जूनला गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. त्यानंतरच्या माझ्या पहिल्या तासाला मी हातात खडू घेऊन उभी, आणि वर्गात चिडीचूप. एरवी तारीख मी कन्नड आकड्यांत लिहायची. त्या दिवशी साध्या आकड्यांत लिहिली. शेवटच्या बाकावरच्या एकानं पुस्तक उघडलंच नाही. मी विचारलं नाही. गणपती येईपर्यंत त्याचं पुस्तक मिटलेलंच होतं, आणि मी रोज त्याच्या बाकाजवळून काही न बोलता पुढं जायची. चतुर्थीच्या सुट्टीनंतर त्यानं वही उघडून दाखवली. आत बसचे बोर्ड, एक पान भरून.

तो आता लाल बसवर कंडक्टर आहे. मी चढले की "कुंदर्री बाई", म्हणजे बसा बाई, म्हणून जागा करून देतो आणि डोळे मिचकावतो.

अनगोळ, 2005

आमचं दुःख सुट्टीचं. मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीत कोल्हापूरची मावसभावंडं मजेत आठवडेच्या आठवडे लोळणार आणि आम्ही फराळाचा डबा घेऊन वर्गात. दुसरं, मार्कांचं. आमची एसएसएलसी, म्हणजे दहावी, 625 मार्कांची, कारण पहिली भाषा 125 ची. मला 530 पडले. बाबांनी मावशीला फोन केला, तर पलीकडून, "पाचशातनं पाचशेतीस कसं काय ओ भावजी?" टक्के सांगितल्यावर तिचा उत्साह जरा उतरला, पण पेढे आधीच मागवले होते.

येळ्ळूर, मुलगी, 2010

आठवीत सरकारी सायकल मिळाली. योजना नुकतीच सुरू झाली होती. वाटप झालं त्या दिवशी घरी आणेपर्यंत हँडल डावीकडं आणि चाक उजवीकडं, निम्मे नट हातानंच फिरत होते. गावातल्या सायकलवाल्यानं त्या आठवड्यात महिन्याचा धंदा केला. पण त्या सायकलीमुळं मी वडगावच्या बाजूच्या हायस्कूलला गेले. नाहीतर आजी म्हणायची, "पोरगी एवढ्या लांब चालत जाऊलाली, काय कराय शिकूलाली?" दोन्हीकडं भाताची खाचरं, मागं राजहंसगड, समोर वारा. पावसात खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली की घंटा वाजवायला हात मोकळा राहत नाही, म्हणून आम्ही तोंडानंच घंटी वाजवायचो.

शहापूर, 2016

क्षीरभाग्य, म्हणजे शाळेत मिळणारं सरकारी दूध. पावडरचं गरम दूध, त्यावर जाड साय, आणि रांगेत स्टीलचा पेला. एवढंच लिहिते, ज्यांना वास आठवला त्यांना आठवला.

त्याच इमारतीतला कन्नड विभाग, 1991

मी मराठीत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे वर्ग उत्तरेकडं, तुमचे पश्चिमेकडं, मधे एक पाण्याची टाकी. टाकीला चार नळ, चालू एक. मराठी मी तिथंच शिकलो, आणि पहिली पाच वाक्यं इथं लिहिण्यासारखी नाहीत. कबड्डीला मात्र टीम एकच पडायची, कारण दोन्ही विभागांत मिळून धड खेळणारे सातच. चढाईला जाताना मी कन्नडमधून ठरवायचो, तुमच्यातला जोडीदार मराठीतून. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. आम्हालाही निम्मंच कळायचं.

टिळकवाडी, 2021

आमची दहावी म्हणजे दोन दिवसांची परीक्षा. 19 जुलैला गणित, विज्ञान, समाज एकत्र, 22 जुलैला तिन्ही भाषा एकत्र. फक्त गोल काळे करायचे. मराठी, इंग्रजी, कन्नड, प्रत्येकी चाळीस मार्क, एकाच तीन तासांत. मास्कनं चष्म्यावर वाफ. मी कन्नडच्या प्रश्नांतून मराठीवर आले तेव्हा दोन मिनिटं समानार्थी शब्दच आठवेना, डोक्यात कन्नडच. वर्गमैत्रिणींना शेवटचं बघितलं ते डोळ्यांपुरतं. निरोपसमारंभ झाला नाही. साडी आणून ठेवली होती, आईची, शहापुरी.

धागा काढणारा

वडगावच्या दादांनी पीटीच्या सरांचं लिहिलं आणि मला घंटा आठवली. आमची घंटा म्हणजे मीटरगेजच्या रुळाचा हातभर तुकडा, चिंचेला तारेनं टांगलेला. मागच्या रविवारी मुद्दाम गेलो होतो. शाळेला आता बेल आहे, विजेची. चिंच आहे. तुकडाही आहे, फक्त खोड वाढून तार आत गेली आहे, त्यामुळं तो आता झाडालाच चिकटलाय. दगडानं मारून बघितलं. वाजत नाही, टक् करतं. शिपाईमामा खोलीतून ओरडले, "कोण रे ते?" मी चाळीस वर्षांपूर्वीसारखाच पळालो.