वॉकर यांनी स्वतः जायला हवे होते का? (सोसायटीच्या वाचनकट्टा ग्रुपवरील चर्चा)

बी-३०२, सकाळी ७.४०
सर्वांना नमस्कार. रविवारी वेळ संपल्यामुळे ब्रिगेडियर जनरल केनेथ वॉकर यांच्याविषयी बोलायचे राहून गेले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या पाचव्या वायुसेनेच्या बॉम्बफेकी विमानांचे प्रमुख होते. ५ जानेवारी १९४३ रोजी, भर दुपारी, न्यू गिनीजवळच्या रबाउल या जपानी तळाच्या बंदरातील जहाजांवर चालून गेलेल्या बारा विमानांपैकी एकात ते स्वतः बसले आणि परतले नाहीत. त्यांचे वरिष्ठ जनरल जॉर्ज केनी यांनी त्यांना अशा मोहिमांवर जाण्यास मनाई केली होती, शिवाय हल्ला पहाटे करा असेही बजावले होते. अंधारात विमानांना एकत्र जमून रांग धरणे जमत नाही, म्हणून वॉकर यांनी वेळ बदलली. इतका अनुभवी अधिकारी गमावणे सैन्याला परवडणारे नव्हते, त्यामुळे चूक वॉकर यांचीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ए-१०४, सकाळी ८.१५
काका, मला हे पटत नाही. ज्या आकाशात आपण मुलांना पाठवतो, तिथे नेमके काय होते हे जमिनीवर बसून कळत नाही, अशी वॉकर यांची धारणा असली पाहिजे. असे करणारे ते एकटेही नव्हते. प्रशांत महासागरातील मिडवेच्या लढाईनंतर जपानच्या ताब्यातील वेक बेटावरील मोहिमेवर निघालेले मेजर जनरल क्लॅरन्स टिंकर जून १९४२ मध्ये असेच समुद्रात नाहीसे झाले होते.

सी-५०१, सकाळी ९.०५
ताई, धैर्याबद्दल वाद नाही, पण खरा मतभेद पद्धतीचा होता. वॉकर यांचा विश्वास उंचावरून, शिस्तबद्ध रांगेत बॉम्ब टाकण्यावर होता. केनी यांना मात्र दिसत होते की चालते जहाज उंचावरून क्वचितच सापडते. म्हणून त्यांनी वैमानिकांना जेमतेम दोनशे फुटांवर उतरवले. तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते, तसा बॉम्ब पाण्यावर उसळत जहाजाच्या कुशीवर आदळायचा, आणि काही सेकंदांनी, विमान पुढे निसटल्यावर, फुटायचा. याचा सराव पोर्ट मोर्सबीजवळ खडकावर अडकून पडलेल्या एका जुन्या जहाजावर चालत असे. जहाजावरील तोफा गप्प करण्यासाठी ‘पॅपी’ गन या अधिकाऱ्याने बी-२५ या बॉम्बफेकी विमानांच्या पुढच्या भागात आठ जड मशिनगन बसवून दिल्या. त्याची पत्नी आणि चार मुले त्या वेळी मनिलात जपान्यांच्या कैदेत होती, हे कळल्यावर त्या माणसाच्या झपाटलेपणाचा उलगडा होतो.

वॉकर गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९४३ मध्ये, रबाउलहून न्यू गिनीतील ले येथे सुमारे ६,९०० सैनिक घेऊन निघालेला सोळा जहाजांचा जपानी ताफा केनी यांच्या विमानांनी बिस्मार्क समुद्रात गाठला. आठही वाहतूक जहाजे आणि चार विनाशिका बुडाल्या. ऑस्ट्रेलियन वैमानिकही या लढाईत होते, हे विसरू नये. ले येथे पोहोचले ते जेमतेम बाराशे सैनिक.

ए-१०४, सकाळी ९.४०
दादा, एवढ्यावर थांबू नका. जहाजे बुडाल्यावर पाण्यात तराफे धरून तरंगणाऱ्या सैनिकांवरही विमानांनी आणि टॉर्पेडो बोटींनी गोळीबार केला. किनाऱ्याला लागले तर ते पुन्हा लढतील, असे त्याचे कारण सांगितले गेले. ते कारण मी समजू शकते, पण विजयाचे वर्णन करताना ही गोष्ट गाळणे मला मान्य नाही.

बी-३०२, सकाळी १०.१०
ताई, तुमचे म्हणणे योग्य आहे आणि रविवारी मी ते आवर्जून सांगेन. वॉकर यांच्याविषयी मात्र माझे मत कायम आहे. ते परत आले तर त्यांना लेखी समज देणार, असे केनी यांनी आपले वरिष्ठ जनरल मॅकआर्थर यांना सांगितले होते. परत आले नाहीत तर आपण त्यांची ‘मेडल ऑफ ऑनर’ या शौर्याच्या सर्वोच्च पदकासाठी शिफारस करू, असे मॅकआर्थर यांचे उत्तर होते. मार्चमध्ये ते पदक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉकर यांच्या मुलाच्या हाती दिले. वॉकर यांच्या विमानातील दोघे जण पॅराशूटने उतरून जपान्यांच्या हाती लागले होते, म्हणजे विमान जमिनीवर कोसळले असावे. सी-५०१, तुमच्याकडचा न्यू गिनीचा मोठा नकाशा रविवारी घेऊन याल का?