शब्दचर्चा: 'डिफेन्सिव्ह सेंटर' बचावपटू नव्हे, मग कोण?

हिमगौरी

मंडळाच्या अंकासाठी आइस हॉकीवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्याला अडकलेय. विषय जुना आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये २४ फेब्रुवारी २०२० ला न्यू यॉर्क आयलंडर्सनी ओटावा सेनेटर्सकडून झां-गाब्रिएल पाझो हा सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, आणला. संघात त्याची वर्णी नेमकी कुठे आणि का लागली, एवढंच सांगायचंय. मी लिहिलं, 'आयलंडर्सनी एक बचावात्मक सेंटर घेतला.' बाबांना वाचून दाखवलं.

"म्हणजे फुलबॅक ना?"

नाही.

"मग दबकून खेळतो का?"

तेही नाही! त्या मोसमात ओटावाकडून ६० सामन्यांत २४ गोल मारून आलेला माणूस. आयलंडर्सकडून पहिलाच सामना न्यू यॉर्कच्याच रेंजर्सशी होता, त्यात गोलही केला आणि हातघाईवरही आला. याला दबकून खेळणारा कोण म्हणेल?

सुचवा काहीतरी. आडनावाचा उच्चार फ्रेंच आहे, 'झो' शक्य तितका हलका वाचा.

खडकीचा_सेंटर_हाफ

ताई, सरळ 'सेंटर हाफ' लिहा. आमच्या काळी पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक असत आणि मधला हाफ सगळ्या संघाचा कणा. बचाव तोच करायचा, चेंडू पुढे तोच द्यायचा. खडकीत वाढलेल्या कुणालाही विचारा. बर्फावर गेलं म्हणून काय खेळ बदलतो?

हिमगौरी

काका, बदलतो. गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात: तीन फॉरवर्ड, दोन बचावपटू. सेंटर हा त्या तीन फॉरवर्डांतला मधला, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला दोन विंगर. तुमचा सेंटर हाफ फॉरवर्डांच्या मागे उभा असायचा, हा त्यांच्यातलाच एक आहे. फक्त चकती (इथे चेंडूऐवजी ती असते) आपल्या हद्दीत आली की विंगर त्या हद्दीच्या निळ्या रेषेच्या आसपास थांबतात आणि सेंटर थेट आपल्या गोलापर्यंत खाली उतरून बचावपटूंना हात देतो. मैदान २०० फूट लांब. ते सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर.

फेसऑफही त्याच्याकडेच. पंच दोघांच्या मधे चकती टाकतो आणि...

खडकीचा_सेंटर_हाफ

अहो, ही तर बुली! जमीन-स्टिक, जमीन-स्टिक, असं तीनदा वाजवायचं आणि मग चेंडूवर झडप. पूर्वी सामना बुलीनेच सुरू व्हायचा. फेसऑफ कशाला, बुली लिहा.

हिमगौरी

बुली घेते काका, आनंदाने. बाबांनाही लगेच कळेल.

'लाइन'चं काय करू पण? मी 'फळी' लिहिलं होतं. आपल्या वर्तमानपत्रांत आघाडीची फळी, मधली फळी, बचावफळी हे सगळं मैदानावर एकाच वेळी असतं, एकामागे एक. इथली लाइन म्हणजे एकत्र उतरणारं तिघांचं त्रिकूट. संघात अशी चार. एक त्रिकूट साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतं आणि कठड्यावरून उडी मारून परत येतं, की दुसरं आत. 'तिसऱ्या फळीचा सेंटर' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल हा गोलरक्षकाच्या मांडीवर बसलाय.

कोशवाचक

'फळी' सोडाच. 'तुकडी' घ्या. पहिली तुकडी, तिसरी तुकडी. एकत्र निघते, एकत्र परतते.

नेपियन_सी_रोड

तुकडीत शाळेचा वास येतो. 'ड' तुकडी म्हटलं की शेवटच्या बाकावरची ढ मुलं.

हिमगौरी

तो वास मला हवाच आहे! आयलंडर्सची चौथी तुकडी म्हणजे मार्टिन, सिझिकस आणि क्लटरबक. गोल कमी, धडका जास्त. पण प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ या तिघांवर इतका विसंबून असायचा की चाहते म्हणायचे, संघाची ओळख ती हीच. 'ड' तुकडीने शाळेची लाज राखावी तसं.

कोशवाचक

आता मूळ प्रश्न. खोट 'बचावात्मक' या शब्दातच आहे. 'बचावणे' म्हणजे मराठीत जिवानिशी सुटणे. अपघातातून थोडक्यात बचावला. कोर्टात बचाव पक्ष असतो, म्हणजे कुणीतरी आधीच आरोप ठेवलेला आहे. क्रिकेटमध्ये 'बचावात्मक पवित्रा' म्हणजे चेंडू नुसता तटवत राहायचं. या सगळ्यात माणूस अंग चोरून उभा असतो. तुमच्या वडिलांनी 'दबकून खेळतो का' विचारलं ते भाषेच्या हिशोबाने अगदी बरोबर.

माझा पर्याय 'चंदावल'. फौजेची आघाडी ती बिनी, पिछाडी ती चंदावल. चंदावलीचा सेंटर.

नेपियन_सी_रोड

मग घोडखिंडच लिहा ना थेट. पाझोप्रभू.

हिमगौरी

कोशवाचक, शब्द देखणा आहे, पण चंदावल माघार झाकते. हा माघार घेत नाही. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक गडी बर्फावर आला की याला मुद्दाम त्याच्या अंगावर सोडतात. आणि शब्दाला तळटीप लागली तर बाबा अंक मिटून ठेवतील.

ब्रॅम्प्टनवाला

थोडं आडवाटेचं. कॅनडात 'हॉकी नाइट' पंजाबीत होतं, २००८ पासून. त्या समालोचकांनी कोश उघडलेच नाहीत, ते स्वयंपाकघरात गेले. चकतीला म्हणतात टिक्की, आलू टिक्कीतली. स्लॅप शॉट तो चपेड शॉट. माझ्या शेजारच्या आजी हॉकीचा ओ की ठो न कळता सामना बघायच्या, कारण टिक्की कुठे गेली ते त्यांना कळायचं. मराठीत आपण अजून 'चेंडूफळी'च्याच वळणाने जातो. शब्द घरातला घ्या, एवढंच.

सावंतवाडीकर

घरातला म्हणताय तर आमच्याकडचा घ्या: राखणदार.

कोकणात, गोव्यात राखणदार म्हणजे फक्त शेतावर राखणीला बसलेला माणूस नव्हे. गावाचा राखणदार म्हणजे देवचार. तो एका जागी बसत नाही. रात्री हातात काठी घेऊन गावाची सगळी सीम फिरतो, अशी समजूत. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. लहानपणी आजी अंगणात उभी राहून सांगायची, "काठीचो आवाज इलो तर भियां नको, तो आपलोच." दबकून असणारा नाहीच तो. दबकायचं ते बाहेरून आलेल्याने.

कोशवाचक

मी माझा चंदावल मागे घेतो. 'राखणे' आणि गोलरक्षकातला 'रक्षक' यांचा धातू एकच, रक्ष्. म्हणजे क्रीडापानाच्या भाषेशी नातंही राहतं. 'लाज राखणे', 'मान राखणे' या प्रयोगांत कुणी घाबरलेला नसतो. बचावात आपण स्वतःला वाचवतो, राखणीत दुसऱ्याचं सांभाळतो.

खडकीचा_सेंटर_हाफ

शब्द ठीक. पण मला अजून कळलं नाही की २४ गोल मारणारा माणूस राखणीला का लावायचा? आमच्याकडे धनराज पिल्लैला कुणी राखणीला लावलं असतं का? त्याला पहिल्या तुकडीत घ्या की.

हिमगौरी

काका, लेखाचं पोट तेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या तुकडीला मॅथ्यू बार्झल होता, वाऱ्यासारखा स्केटर. दुसरीला ब्रॉक नेल्सन. दोघेही गोल करणारे आणि करवून देणारे. खिंडार होतं तिसऱ्या तुकडीच्या मध्यभागी. डेरिक ब्रासार्डला तिथे घालून पाहिलं, मग त्याला विंगवर नेलं. त्यात चौथीचा सिझिकस त्याच महिन्यात स्केटच्या पात्याने पाय कापून जायबंदी झालेला. म्हणजे आपल्या गोलाशेजारची अवघड बुली कुणी घ्यायची? बार्झलने? तो तिथे हरला तर चकती थेट आपल्या गोलावर, जिंकला तर समोरच्या गोलापर्यंत पोचायला दीडशे फूट. तेवढ्यात त्याचं पाऊण मिनिट संपलं.

पाझो आला आणि ही उस्तवार त्याने उचलली. आपल्या हद्दीतली बुली, आपला एक खेळाडू शिक्षा भोगत बसलेला असताना चौघांनी काढायची ती दोन मिनिटं, शेवटच्या मिनिटाला एका गोलाची आघाडी टिकवणं. त्यामुळे बार्झलची पाळी समोरच्या गोलाजवळ सुरू करता यायची. बार्झलच्या खात्यावर पडलेल्या कितीतरी गोलांत पाझोचा वाटा असायचा आणि गुणफलकावर तो दिसायचा नाही.

यजमान संघाला एक सवलतही असते. खेळ थांबल्यावर पाहुण्यांनी आधी गडी बदलायचे, यजमानांनी नंतर. समोरून कोण येतंय ते बघून ट्रॉट्झ तिसरी तुकडी सोडायचा. म्हणून 'तिसरी' हा आकडा फसवा आहे. ती गुणवत्तेची क्रमवारी कमी, कामाची वाटणी जास्त. या कामाला लीगमध्ये वेगळा मानही आहे. १९७८ पासून फ्रँक सेल्की ट्रॉफी फक्त राखण उत्तम करणाऱ्या फॉरवर्डला देतात. पहिली चार वर्षं ती बॉब गेनीला मिळाली, आणि तो तर सेंटरही नव्हता, विंगर. पुढे पॅट्रिस बर्जरनने सहा वेळा जिंकली.

आणि किंमत बघा. ओटावाला नव्या खेळाडूंच्या पुढच्या निवडींतले (ड्राफ्टमधले) हक्क दिले: पहिल्या फेरीचा, दुसऱ्या फेरीचा आणि अटींवर तिसऱ्या फेरीचा. वर त्याच दिवशी सहा वर्षांचा करार, वर्षाला ५० लाख डॉलर. तिसऱ्या तुकडीसाठी!

खडकीचा_सेंटर_हाफ

मग जिंकायला लागले का?

हिमगौरी

अजिबात नाही. पाझो आल्यावर मोसमातले पुढचे सातही सामने हरले, चार तर जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये. बाबा तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आले होते. सातव्यानंतर म्हणाले, "पांढऱ्या पायाचा दिसतोय." मग १२ मार्चला लीगच बंद पडली, विमानंही बंद, बाबा इथे न्यू यॉर्कजवळ, हिक्सव्हिलला अडकले. ऑगस्टमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ सुरू झाला तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी सोफ्यावर, बाबांच्या मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. फ्लोरिडा, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया असे तीन संघ ओळीने गेले, उपांत्य फेरीत टॅम्पाने थांबवलं. पाझोचे त्यात आठ गोल. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाबा पाढे म्हटल्यासारखे सांगायला लागले होते: बुली डावीकडे आपल्या गोलाशी म्हणजे आता ४४ नंबर येणार. यायचाच.

नेपियन_सी_रोड

शीर्षकात 'पाझो संघात कुठे बसतो' असं लिहू नका फक्त. मराठीत बसतो म्हणजे बाकावर.

हिमगौरी

बरं झालं सांगितलंत, तेच लिहिलं होतं.

वाक्य आता असं केलंय: 'आयलंडर्सनी ओटावाकडून पाझोला आणलं ते राखणदार सेंटर म्हणून; तिसऱ्या तुकडीच्या मध्यभागी त्याची वर्णी लागली आणि आपल्या गोलाजवळची प्रत्येक अवघड बुली त्याच्याकडे आली.' बाबांना फोनवर वाचून दाखवलं. "हां, काठीवाला," म्हणाले.

सावंतवाडीकर

वहाणांचं विसरू नका पण. झिजल्या की नव्या द्याव्या लागतात.

हिमगौरी

इथे स्केटना नुसती धार लावून देतात, दोन पिरियडच्या मधल्या सुट्टीत.