कांदा निर्यातबंदी: सरकारने भावात हात घालावा का, आणि घातला तर कुठपर्यंत?

कांदाचाळ
बरेच दिवस लिहायचं होतं. डिसेंबर 2023 ची गोष्ट. लाल कांदा काढून शेतात पडलेला, गुरुवारी शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर क्विंटलला 3,500 ने गेला म्हणून आम्ही रात्री लाईट लावून कांदा कापला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढला आणि ट्रॉली भरून ताडपत्री टाकून ठेवली. सकाळी मोबाईल बघतो तर निर्यातबंदी. लिलाव बंद पडले, परत सुरू झाले तेव्हा माझी ट्रॉली 1,850 ने गेली. 26 क्विंटल माल होता, हिशोब करा, चाळीस हजाराच्या वर गेले आणि मी काही चूक केली नव्हती. थांबलो का नाही असं कोणी विचारेल म्हणून सांगतो, लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही, दोनतीन आठवड्यात मोड यायला लागतात, त्यामुळे मिळेल त्या भावाने द्यावाच लागतो.

आणि हे एकदाच झालं असं नाही. 2019 ला बंदी, 2020 ला बंदी. 2023 ला आधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, मग डिसेंबरमध्ये सरळ बंदी. 4 मे 2024 ला उठवली ती पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने रस्ते करावेत, वीज द्यावी, वजनकाटा खरा आहे का बघावं, व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर वसूल करून द्यावेत. माझा माल कोणी घ्यायचा हे सरकारने ठरवू नये.

कळव्याची_खानावळ
दादा तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं, पण आमची बाजू पण ऐका. मी 45 डबे करते, रोज चार साडेचार किलो कांदा लागतो, मसाला कांद्याशिवाय होत नाही. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे कांदा 70 रुपये झाला. डब्याचे पैसे महिन्याचे ठरलेले असतात, मध्येच वाढवता येत नाहीत, माझे डबेवाले म्हणजे सिक्युरिटीतली आणि कुरियरची पोरं आहेत, त्यांना पन्नास रुपये वाढ सांगितली की डबा बंद करून वडापाववर राहतात. मी ग्रेव्हीत कोबी घालून दिवस काढलेत. आमच्यासारख्यांनी भाव वाढल्यावर सरकारकडे नाही बघायचं तर कोणाकडे बघायचं?

कांदाचाळ
ताई, सरकारकडेच बघायचं, यात माझं दुमत नाही. पण तुम्हाला स्वस्त कांदा द्यायचा तर तो तिजोरीतून द्या ना, म्हणजे त्यात सगळ्या देशाचा वाटा येईल. बंदी घातली की तुमच्या 45 डब्यांचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर येतो, आणि बंगल्यात राहणाऱ्यालाही तोच स्वस्त कांदा मिळतो ज्याला गरज नव्हती.

खडीवरचा_मुलगा
मूळ पोस्टमधलं ते रस्ते वीज वजनकाटा एवढंच सरकारचं काम, हे मला अजिबात पटत नाही. माझे आईवडील दोघं 1972 च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. आई सांगायची की तिथे खायला सुकडी मिळायची ती फडक्यात बांधून घरी आणायची, आम्हा भावंडांना. तेव्हा सरकार म्हणालं असतं की बाजार बघून घेईल तर आज मी हे लिहायला नसतो. त्यातून पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, मागितल्यावर 15 दिवसात काम द्यायचं बंधन सरकारवर आलं आणि पैसा शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून आला. पुढे 2005 ला देशभर कायदा झाला त्याआधी महाराष्ट्राने हे करून दाखवलं होतं.

आणि कांदाचाळ भाऊ, एक सरळ प्रश्न. 2023 च्या फेब्रुवारी मार्चमध्ये भाव पडले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं. ते घेतलंत का?

कांदाचाळ
घेतलं. खोटं कशाला बोलू. 200 क्विंटलची मर्यादा होती, ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाईलवरून करायच्या पिकाच्या नोंदीवरून किती हेलपाटे मारले ते मलाच माहिती, आमच्या वाडीतल्या दोघांची सातबाऱ्यावर नोंद नव्हती म्हणून त्यांना महिनोन्महिने ताटकळावं लागलं. पण भाऊ, चढत्या भावाला माझे पैसे काढून घ्यायचे आणि पडत्या भावाला त्यातलेच थोडे अनुदान म्हणून द्यायचे, याला मदत कसं म्हणू. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणला कांद्यावरच आंदोलन उभं केलं, भीक नको हवे घामाचे दाम, ती घोषणा माझे वडील आजही म्हणतात.

हमीभाव_द्या
मग सरळ मागणी करा ना, कांद्याला हमीभाव आणि सरकारी खरेदी. नाफेड ही सहकारी संस्था केंद्रासाठी कांदा घेऊन ठेवते तो बफर, म्हणजे राखीव साठा, आहेच, तो वाढवा. सरकारला बाहेर व्हा म्हणून सुटका नाही, उलट अजून आत या म्हणा.

पांढरं_सोनं
हमीभाव दादा, मी यवतमाळचा. आमच्याकडे 1972 ला कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. सुरवातीला चांगली वाटली, मी पण नाही म्हणत नाही. पण नंतरचं मी डोळ्याने बघितलंय, खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग, रात्र बंडीखाली काढायची, सकाळी ग्रेडर कापूस हातात घेऊन ओला म्हणणार, आणि चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, महिनोन्महिने नाहीत. बाबा सावकाराकडून उचल घेऊन पुढचं बियाणं आणत होते, सरकारकडे पैसे बाकी असताना. योजना तोट्यात गेली, शेवटी गुंडाळली. कापूस तरी घरात ठेवता येतो, कांदा सडतो. सरकारने विकत घेऊन ठेवायचा म्हटलं तर कुठे ठेवणार सांगा.

खडीवरचा_मुलगा
हे बरोबर आहे. पण कांदाचाळ भाऊंचा खुला बाजार पण कुठे आहे? ट्रॉलीपुढे बोली लावणारे रोजचे तेच आठदहा व्यापारी, ट्रॉलीमागे मिनिटभर बोली चालते. तिथे किलोला 12 रुपयाने गेलेला कांदा ताईंना 35 ला मिळतो. सरकार बाजूला झालं तर ती जागा तुम्हाला मिळेल का त्या आठदहा जणांना?

कांदाचाळ
त्यांना मिळेल, मान्य. म्हणून तर म्हणतो की सरकारने वजनकाट्याजवळ उभं राहावं, बंदरावर नाही. बंदीने गिऱ्हाईक जातं हे पण बघा. बांगलादेश, श्रीलंका, दुबई, आपल्या भरवशावर राहिले की आपण मध्येच दार लावतो, मग ते पाकिस्तानचा, इजिप्तचा घेतात आणि सवय लागते. आणि बंदी असताना सरकारने स्वतः ठराविक देशांना कांदा दिलाच, एप्रिल 2024 मध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, तेव्हा आमच्याकडे लोक केवढे भडकले होते. एकाला दार उघडं आणि एकाला बंद, हे ठरवायचा अधिकार हातात आला की असंच होतं.

कळव्याची_खानावळ
दादा मला अजूनही वाटतं की फारच टंचाई झाली तर बाहेर पाठवणं थांबवायलाच हवं, आपल्या माणसाला न देता दुबईला का पाठवायचा. पण रात्रीतून नको, हे पटलं. मी पण महिना सुरू व्हायच्या आधी डब्याचे पैसे सांगते, तसं तुम्हाला पण आधी कळायला हवं.

कांदाचाळ
ताई तुम्ही माझ्या मनातलं बोललात. बंदी घालायचीच असेल तर लासलगावच्या बाजारात क्विंटलला भावाची सरासरी किती झाली की घालणार तो आकडा मी रोप टाकायच्या आधी जाहीर करा. 4,000 म्हणा, 5,000 म्हणा. मग मी ठरवेन कांदा लावायचा का मका.

खडीवरचा_मुलगा
आकडा जाहीर करतील हो, पण निवडणूक आली की पाळणार कोण? 1998 ला दिल्ली राज्यात कांदा महागल्याने सत्ता गेली ती कुठलाच पक्ष विसरलेला नाही. आदेश एका रात्रीत निघतो तसा तो आकडा पण एका रात्रीत बदलेल.

कांदाचाळ
म्हणून आदेशात नको, कायद्यात हवा. तुमच्या आईवडिलांची सुकडी सरकारच्या मर्जीवर होती, रोजगार हमीचा कायदा झाल्यावर 15 दिवसात काम हा हक्क झाला. मला तेच हवंय. कायदा बदलायचा तर संसदेत उभं राहून का ते सांगावं लागेल.

कळव्याची_खानावळ
मग त्या कायद्यात माझा पण आकडा घाला. किलोला किती झाला की रेशनवर कांदा मिळणार ते.

कांदाचाळ
घाला की ताई. पैसे तिजोरीतून येणार असतील तर पहिली सही माझी.