जेएसपीसी म्हणजे नुसती विकतच्या पोर्शेंची मिरवणूक होती?

निळीगाडी: जेएसपीसीचा, म्हणजे जपानच्या स्पोर्ट्स प्रोटोटाइप शर्यतींच्या मालिकेचा, खरा इतिहास १९९० ला सुरू होतो. त्याआधी पैसेवाल्या संघांनी जर्मनीहून पोर्शे आणायची, अंगभर जाहिराती लावायच्या आणि करंडक न्यायचा. निसानने ९०, ९१, ९२ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली, तेव्हा कुठे ही मालिका जपानची झाली.

घाटरस्ता: हे वाचून गप्प बसवत नाही. १९८५, ८६, ८७ आणि ८९ ची विजेतेपदं कुनिमित्सु ताकाहाशींची आहेत, सगळी पोर्शेतून. १९६१ मध्ये होकेनहाइमला होंडाची २५० सीसी पळवून मोटरसायकल ग्रांप्री जिंकणारा हा पहिला जपानी माणूस, आणि तुमच्या लेखी तो फक्त विकतच्या गाडीचा ड्रायव्हर? या मालिकेतल्या गाड्यांच्या वर्गात, ग्रुप सीमध्ये, पेट्रोल मोजून मिळायचं. टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवलात तर हजार किलोमीटर संपायच्या आत टाकी कोरडी. हा हिशोब चेकबुकाने सुटत नाही. नोव्हा इंजिनिअरिंगसारख्या गॅरेजातल्या माणसांनी तो सोडवला. अॅडव्हान, फ्रॉम-ए, ट्रस्ट या सगळ्या संघांकडे पोर्शेची ९६२ होती. मग सगळेच का नाही जिंकले?

निळीगाडी: ताकाहाशींबद्दल मी ब्र काढलेला नाही. मी गाडीबद्दल बोलतोय. आणि पोर्शेला हरवता येतं हे जपानी ड्रायव्हर काझुयोशी होशिनोंनी १९८५ लाच फुजीच्या ट्रॅकवर दाखवलं होतं, निसानमधून.

घाटरस्ता: कोणाला हरवलं? धो धो पावसात युरोपचे बडे संघ पहिल्या काही फेऱ्यांतच गाड्या आत घेऊन मोकळे झाले. हजार किलोमीटरची शर्यत दोन तासांत गुंडाळली. शिवाय ती मार्च ८५जी, म्हणजे सांगाडा ब्रिटिश. इंजिन तेवढं निसानचं. तुमच्याच न्यायाने ती कुठली जपानी?

हमामात्सुकर: फुजी पावसात पाहिलंय का कोणी? मी सहा वर्षं इथे जपानात आहे. गेल्या पावसाळ्यात एका क्लब शर्यतीला गेलो होतो. डोंगरावरून धुकं उतरलं आणि दीड किलोमीटरच्या सरळ पट्ट्याचं दुसरं टोक दिसेनासं झालं. गाडी यायची ती आधी आवाजाने, मग पाण्याच्या पांढऱ्या ढगासारखी. त्या ढगात दिव्यांचे दोन पिवळे ठिपके. अशा पाण्यात होशिनो ६२ च्या ६२ फेऱ्या एकटे चालले. निकालात जोडीदारांची नावं आहेत, पण स्टिअरिंग त्यांनी सोडलं नाही. हा विजय ज्याला स्वस्त वाटतो त्याने एकदा त्या कठड्याशी उभं राहावं.

घाटरस्ता: मी जुलैत बोरघाटात पाण्यावरून गाडी सरकताना अनुभवलीय, तेही साठच्या वेगात. स्टिअरिंग हातात, पण चाकं ऐकत नाहीत. मागे बायको आणि दोन मुलं. म्हणूनच सांगतो, जे संघ थांबले ते भित्रे नव्हते. त्यांना पळपुटे म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

हमामात्सुकर: पळपुटे कोण म्हणालं? माझ्या तोंडी शब्द घालू नका.

रोटरीवेडा: तुम्ही दोघं पावसात भांडा. माझदाचं नावसुद्धा नाही! १९९१ ला रोटरी इंजिनाच्या माझदा ७८७बीने फ्रान्सची चोवीस तासांची ले मान्स जिंकली, असा मान मिळवणारी पहिली जपानी गाडी. आणि पुढच्याच वर्षी साडेतीन लिटर इंजिनाच्या नियमाने रोटरीला दार बंद. त्याच नियमाने ग्रुप सी मारला. ९३ ला जेएसपीसी झालीच नाही.

निळीगाडी: ७८७बी मलाही प्रिय आहे, पण घरच्या मालिकेत ती निसानपुढे टिकली नाही. मी निसानच्या आर९२सीपीची ओळख पुण्यात मित्राच्या प्लेस्टेशनवर करून घेतली, ग्रान टुरिस्मो ४ या खेळात. तेव्हापासून ती कॅल्सोनिक या प्रायोजकाच्या रंगातली निळी गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. माझं मत तिथून आलंय, हे मान्य.

घाटरस्ता: तेवढं मान्य केलंत तर माझंही एक घ्या. आर९२सीपी ही त्या दशकातली जपानची सर्वांत पूर्ण गाडी, यावर वाद नाही. पण समोर ९६२ उभी नसती, तर निसानने ती गाठायची कशाला? ‘१९९० ला सुरू होतो’ हे वाक्य आधी मागे घ्या.

निळीगाडी: ‘सुरू होतो’ मागे घेतो. ‘विकतच्या पोर्शे’ नाही घेणार.