फन रनमध्ये हात मोडला, तर मंडळाने का भरायचं?

रावपुरेकर: आपल्या मंडळाच्या ग्रुपवर सकाळी वाचलं, डिसेंबरच्या फन रनमध्ये पडलेल्या काकूंनी मंडळाला वकिलाची नोटीस पाठवली. मनगटात प्लेट बसली, खर्च द्या म्हणे. डोकंच उठलं म्हणून इथे लिहितोय. अहो, पळायची हौस तुमची, पाय तुमचे, 'स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे' याखाली सही तुमची, आणि पडल्यावर दोषी मंडळ? चार पोरं नोकरी सांभाळून, घरचं खाऊन हे सगळं उभं करतात. उद्या हळदीकुंकूही कोणी ठेवणार नाही, वाणाची वाटी पायावर पडली म्हणून केस!

वृषाली_अलकापुरी: काकू पडल्या कशाने ते बरं गाळलंत. मी त्यांच्या मागेच होते. ती हवेची कमान असते ना, तिला ताण द्यायची निळी नायलॉनची दोरी थेट पळायच्या वाटेत खुंटीला बांधलेली, गुडघ्याच्याही खाली. डिसेंबरात सहाला अंधारच असतो, त्यात कमानीवरचा फोकस डोळ्यांत. दोरीला साधी पांढरी चिंधीसुद्धा नाही. आधी दोघं अडखळले, एकाने टेबलापाशी जाऊन सांगितलं, तिथला मुलगा 'हो हो बघतो' म्हणाला आणि छातीवर लावायचे नंबर वाटत बसला.

रावपुरेकर: बाकीचे सगळे त्याच वाटेने गेले की! खाली बघून पळावं माणसाने.

काळाकोट: सहीवर एवढं विसंबू नका. पाय मुरगळला, दम लागला, शेजारच्याचा धक्का बसला, हा खेळातला धोका, तो तुम्ही पत्करलात. दोरी खेळातली नाही, ती कोणीतरी बांधली आणि सांगूनही सोडली नाही. इंग्लंडची जुनी केस आहे, घराबाहेर रस्त्यावर उभ्या बाईला मैदानातून आलेला षटकार लागला. १९५१ मध्ये क्लब सुटला, कारण ३० वर्षांत जेमतेम सहाएक वेळा चेंडू तिथवर आला होता. १९७७ मध्ये दुसऱ्या क्लबचे चेंडू शेजाऱ्यांकडे सारखेच पडायचे, तिथे बहुमताने निष्काळजीपणा धरला. म्हणजे कोर्ट विचारणार, आधी कळलं होतं का? आणि फी घेतलीत ना? फुकट सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, पैसे घेतले की येते, तक्रारीला दोन वर्षं मुदत.

रावपुरेकर: फी कसली डोंबलाची! त्यात टी-शर्ट, मेडल, वर सेवउसळचं कूपन. उरलं काय?

काळाकोट: नफा झाला का, हे कोणी विचारत नाही.

दांडियाबाजार_नाना: दोरीचं काय घेऊन बसलात, पुढच्या वळणावर गायींचा कळप आडवा बसला होता ते कोणी बोलत नाही. आमच्या हिला भाजी आणताना बैलाने शिंगावर घेतलं, मांडीला टाके पडले, घरात वर्षश्राद्ध आणि ही आडवी. नोटीस कोणाला पाठवू सांगा? दूध काढायला मालक बरोब्बर हजर, अपघात झाला की गाय बेवारस. हायकोर्ट बोलून बोलून दमलं.

पोळवाला: नाना, रस्त्यावर पोळ्या ठेवतं कोण पण? तुमच्याच ओट्याखाली रोज घास असतो, मी बघतो येता-जाता. गायी तिथे नाही बसणार तर काय स्टेशनवर बसतील?

दांडियाबाजार_नाना: घास घालणं हा धर्म आहे. तुम्ही आम्हाला शिकवू नका.

पोळवाला: मग अंगणात आणून घाला की, कोणी अडवलंय! पुण्य तुम्हाला आणि टाके लोकांना, हे बरं आहे.

दांडियाबाजार_नाना: टाके आमच्याच घरात पडलेत, जीभ सांभाळून बोला. आणि कानात बिल्ला असतो, मालक काढायचा म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. काढायचा कोणाला आहे?

वृषाली_अलकापुरी: गायींचा वेगळा धागा काढा ना प्लीज. इथे आपल्या बडोद्याचा हरणी तलाव विसरलेत सगळे. १८ जानेवारी २०२४, शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्तीची माणसं, लाइफ जॅकेट सगळ्यांना नाहीत. सहलीच्या कागदावर सही कुठला पालक करत नाही? त्या सहीने बोटवाला सुटतो?

रावपुरेकर: कुठे हरणी, कुठे दोरी! गेलेल्या मुलांना यात ओढू नका, शोभत नाही.

वृषाली_अलकापुरी: म्हणजे कोणी गेल्यावरच विचारायचं?

कार्यकर्ता_बडोदा: मी टीममध्ये होतो, टेबलावर नव्हतो. कमान भाड्याची, डेकोरेशनवाल्याची माणसं रात्री बांधून गेली. मग भरायचं त्याने की आम्ही?

काळाकोट: काकू दोघांनाही धरू शकतात, आपसातला हिशोब तुम्ही नंतर भांडत बसा. हां, त्यांचीही चूक निघाली, समजा चष्मा न लावता अंधारात पळत होत्या, तर त्यांचा वाटा वजा होऊन रक्कम कमी होईल.

रावपुरेकर: बघा! चष्मा नव्हता! मी म्हणतच होतो.

वृषाली_अलकापुरी: होता. मीच उचलून दिला, डावी काच तडकलेली, दांडी वाकलेली. ते 'समजा' म्हणालेत, नीट वाचा तरी.

रावपुरेकर: बरं बाई, दोरी चुकलीच. प्लेटचा खर्च द्या, सोन्याची बसवली नसेल तर. पण मानसिक त्रासाचे वेगळे पैसे मागितलेत, त्यातला रुपया देऊ नये.

काळाकोट: तेही मागता येतात.

रावपुरेकर: मग मला हा धागा वाचून झालेल्या त्रासाचे कोण देणार?

कार्यकर्ता_बडोदा: भांडण झालं असेल तर एक विचारू का, एका सकाळपुरता विमा कोणी काढून देतं का? फेब्रुवारीत सायकल राइड आहे, बॅनर छापून आलेत.