साहित्य केंद्र: डिपॉझिट घ्यायचं का?

सचिव: कॉट, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देणारं सोसायटीचं रुग्णसाहित्य केंद्र १ तारखेपासून बाहेरच्यांसाठीही उघडतोय. मसुद्यातल्या अटी: आधारची झेरॉक्स, स्थानिक पत्त्याचा पुरावा, २००० रुपये डिपॉझिट. हरकती आजच सांगा, उद्या फॉर्म छापायला जाईल.

सी ७०२: डिपॉझिटला माझी हरकत. ज्याच्याकडे दोन हजार आहेत तो दुकानातून भाड्याने आणतोच. आपल्याकडे येणार ते वॉचमन, बिगारी, घरकाम करणाऱ्या ताया. दिव्यांगांच्या सरकारी योजनेतून साधनं मिळायला ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मांडीचं हाड मोडून दोन-तीन महिने अंथरुणात असलेल्याला तो मिळत नाही. जन आरोग्य योजना दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे, घरी लागणाऱ्या कॉटसाठी नाही. या दोन्हींच्या मधे जो राहतो तोच आपल्या तीन अटींत अडकणार.

बी १०३: काकू, पटतंय. पण वस्तू परतच आली नाही तर? पत्त्याचा पुरावा तरी हवा ना.

सी ७०२: खोलीचा करार नसतो आणि आधारवर गावचा पत्ता असतो. त्यापेक्षा कॉट आणि मशीन आपणच पोचवू. खोली प्रत्यक्ष बघितली की वेगळा पुरावा कशाला? शेजारच्या एकाचा नंबर घ्यायचा, बस. फक्त ताई ज्यांच्याकडे काम करतात त्यांना जामीन राहायला सांगू नका. काम जाईल या भीतीने आजारपण लपवावं लागतं अनेकींना.

ए ४०१: पोचवायला गेलंच पाहिजे, कारण काय द्यायचं तेही तिथेच कळतं. व्हीलचेअर मागतात, पण १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते. बैठ्या घराच्या दारातून ती जात नाही, मोरीत तर नाहीच. तिथे कमोड चेअर आणि वॉकर जास्त कामाचे. फाउलर कॉट, म्हणजे डोक्याची आणि पायाची बाजू वर करता येते ती, साडेसहा बाय तीन फूट; लिफ्टमध्ये किंवा अरुंद जिन्यात उभी शिरत नाही. डोक्याकडची आणि पायाकडची फळी सोडवून न्यायची आणि नटबोल्ट पिशवीत घालून फ्रेमलाच बांधायचे. एक बोल्ट हरवला की कॉट महिनाभर पडून राहते.

सी ७०२: वॉकरची उंची देतानाच लावून द्या. माणूस सरळ उभा, हात सैल सोडलेले. मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. चारही पायांची बटणं सारख्याच उंचीच्या भोकात बसलीत ना, ते बघा. खालची रबरी बुचं गुळगुळीत झाली असतील तर वॉकर द्यायचाच नाही, ओल्या फरशीवर सटकतो. जादा बुचं आणून ठेवा, किंमत नगण्य.

ए ५०४: आमच्याकडे २०२१ चा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, मिनिटाला ५ लिटरचा. तेव्हापासून बंदच. देऊ का?

ए ४०१: दादा, नक्की द्या, पण तपासल्याशिवाय कुणाला जाणार नाही. आतले झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. मशीन नुसतं पडून राहिलं तर ते दमट हवेतला ओलावा शोषतात. मग मशीन आवाज करतं, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात, सगळं ठीक दिसतं, पण बाहेर पडते जवळपास साधी हवा. ५ लिटरवर अर्धा तास चालवून ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावायचा. ९० ते ९६ टक्के आलं पाहिजे. त्याच्या खाली असेल तर सर्व्हिसला. केंद्रात असताना महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, पावसाळ्यात जास्त वेळा.

ए ४०१: मशीन देताना घरच्यांना सांगायचं: भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. फोमचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलायचं. बुडबुडे थांबले तर आधी बाटलीचं झाकण तिरकं बसलंय का बघा, बहुतेक वेळा तेच असतं. त्याच खोलीत चूल, गॅस, निरांजन, विडी काही नको. दिवसरात्र चाललं तर रोजची ८-९ युनिट वीज जाते. गरीब घरात बिलाच्या धास्तीने रात्री मशीन बंद करतात, म्हणून बिलाचा भार केंद्राने उचलावा असं माझं ठाम मत आहे.

सी ७०२: आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांना बऱ्याचदा रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायला सांगतात. आकडा वाढावा म्हणून घरचे फ्लो वाढवतात, त्याने कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जातो. चिठ्ठीतला फ्लो मशीनवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. नाकाला लावायची नळी प्रत्येकाला नवी.

बी १०३: एअर बेडबद्दल तक्रार येते की लावूनही पडून राहिल्याच्या जखमा होतात.

सी ७०२: वर गोधडी आणि प्लास्टिक घातलेलं असतं, म्हणून. एकच पातळ चादर हवी. माकडहाडाच्या खाली, गादीखालून हात सरकवून बघा; हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. आणि गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. गादी परत आल्यावर लिटरभर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतुनाशक) २० मिली घालून पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. कॉटला हे लावलं तर मात्र दहा मिनिटं होताच साध्या पाण्याने पुसून कोरडी करा, लोखंड गंजतं.

बी १०३: परतीचं काय ठरवायचं?

सी ७०२: देताना वस्तूचा फोटो, मुदत एक महिना, वाढवायची तर फोनवर. पेशंट गेला असेल तर तेराव्यापर्यंत फोन करायचा नाही, मशीन अडकलं तरी चालेल.

बी १०३: देणग्यांबद्दल एक. आपली करसवलतीची (८०जी) नोंदणी नाही, त्यामुळे पावतीवर करसवलतीचा उल्लेख नको. उघडलेली औषधं कुणी आणून दिली तरी घ्यायची नाहीत.

ए ४०१: सोसायटीच्या गेटवर बोर्ड लावून गरजू येणार नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना साहित्याची यादी द्या, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी निरोप येईल.

सचिव: डिपॉझिटची ओळ काढली. पत्त्याच्या पुराव्याऐवजी ‘पोचवणाऱ्याची सही’. कॉट उचलायला तिघे लागतात. ए ४०१ काका सांगायला असतील, उचलायला कोण?

ए ५०४: मी आहे. टेम्पोही माझा. रविवार सोडून सकाळी नऊच्या आत सांगा.

डी २०१: मी आणि भाऊ. रविवार आमच्याकडे.